घरच्या डीव्हीडीची नक्कल : चित्र भुरके का होते, अल्बम कुठे जातो?



खेड्यात सीडी आणि डीव्हीडी यांत कोणी फारसा भेद करीत नाही. चकचकीत चकती दिसली की ती सीडी. ज्यांची लग्ने साधारण २००५ ते २०१५ या काळात झाली, त्यांच्या घरी अशी एखादी तरी चकती साड्यांच्या घडीत किंवा लोखंडी पेटीत जपून ठेवलेली असते. त्याच्या आधी व्हीएचएसची जाड कॅसेट होती, नंतर पेनड्राइव्ह आला. मधल्या काळातले लग्न, वास्तू, बारसे, एखाद्या बुवांचे कीर्तन, सारे काही या डीव्हीडीत आहे.

आता अडचण अशी की ती लावायला घरात यंत्र राहिलेले नाही. प्लेअर बिघडून माळ्यावर गेला. नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा ट्रेच नसतो. टीव्हीला पेनड्राइव्हचे भोक तेवढे असते. म्हणून मंडळी तालुक्याच्या गावी जातात आणि दुकानातून लग्न ‘पेनड्राइव्हमध्ये घेऊन’ येतात. घरी लावून पाहिले की तोंडे लांबट दिसतात, चित्र भुरके असते, आणि सुरुवातीला जी यादी यायची, फोटोंचा अल्बम यायचा, तो नसतो. डोणगावला आणि मेहकर तालुक्यातल्या इतर गावांना शेतीशाळा घेताना आम्ही पडद्यावर चित्रफिती दाखवतो. त्यामुळे सोयाबीनचे प्रश्न संपले की हे प्रश्न सुरू होतात. एका घरी तर आजीचा चालता-बोलता असा दीड मिनिटाचा एकच तुकडा त्या डीव्हीडीत होता. म्हातारी आता नाही, आणि नकलेत तो तुकडाही नव्हता. तो कसा सापडला ते पुढे सांगतो.

प्रथम चकतीच्या आत काय असते ते पाहू. संगणकात डीव्हीडी उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात तीन जातीच्या फाइली असतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी व्हीओबी ही अक्षरे आहेत, त्यांत चित्र आणि आवाज. आयएफओ म्हणजे कोणते चित्र कुठून कुठपर्यंत याची नोंदवही. बीयूपी ही त्या नोंदवहीचीच दुसरी प्रत, पहिली खराब झाली तर उपयोगी पडावी म्हणून. व्हीओबीची एक फाइल एक जीबीपेक्षा मोठी करता येत नाही, असा डीव्हीडीचा नियमच आहे. म्हणून अडीच-तीन तासांचे लग्न चार-पाच तुकड्यांत विभागलेले असते. त्यांच्या नावांच्या शेवटी ०, १, २, ३ असे आकडे असतात. शून्य आकड्याची फाइल यादीच्या पडद्याची असते, खरे शूटिंग १ पासून सुरू होते.

एवढे कळले की पहिल्या तक्रारीचे उत्तर मिळते. ‘साहेब, अक्षता पडायच्या आधीच लग्न संपते.’ नक्कल करणाऱ्याने १ आकड्याची एकच फाइल उचललेली असते. एक जीबीत साधारण पंचवीस-तीस मिनिटांचे शूटिंग मावते, म्हणजे हळद आणि वरात. अंतरपाट, मंगलाष्टके, पंगत आणि पाठवणी पुढच्या फाइलींत राहून जातात. तेव्हा फाइल उचलू नये, अख्खा फोल्डर उचलावा. बऱ्याच लग्नांच्या ‘भाग १’ आणि ‘भाग २’ अशा दोन डीव्हीडी असतात, दुकानात जाताना दोन्ही न्याव्यात.

दुसरी तक्रार हरवलेल्या भागांची. दुकानदार बहुधा हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने डीव्हीडीची मोबाइलजोगी फाइल बनवतो. हा प्रोग्राम चांगला आहे, पण त्याचे काम एक शीर्षक घेऊन त्याची एक फाइल करणे. यादीचा पडदा तो कधीच घेत नाही. ‘हळद’, ‘लग्न’, ‘आहेर’ अशी बटणे त्या पडद्यावर होती, ती गेली. आणि मुख्य चित्र सोडून डीव्हीडीत जी निराळी शीर्षके असतात, ती तुम्ही निवडली तरच येतात. निवडली नाहीत तर कोणी विचारायला येत नाही.

दुसरा एक प्रोग्राम मेकएमकेव्ही नावाचा आहे. तो चित्राला हात न लावता जसेच्या तसे नव्या फाइलीत भरतो. पण त्यात मुळातच अशी मांडणी केलेली असते की १२० सेकंदांपेक्षा लहान शीर्षक मोजायचेच नाही. मोठ्या सिनेमांच्या डीव्हीडीत असे लहान तुकडे बिनकामाचे असतात, म्हणून तशी सोय. आमच्या आजीबाई नव्वद सेकंदांच्या होत्या! शूटिंगवाल्याने ‘वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद’ असे निराळे शीर्षक केले होते आणि प्रोग्रामने ते चाळणीतून खाली पाडले. त्या मांडणीतला १२० चा आकडा कमी करून पुन्हा वाचल्यावर आजी पुन्हा बोलू लागल्या. दुकानदाराला एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे : ‘लहान शीर्षकेही घ्या.’

फोटोंच्या अल्बमची गंमत आणखी वेगळी. काही शूटिंगवाले अल्बम गाण्यावर चालणारे चित्र म्हणून घालतात, तो निराळ्या शीर्षकात सापडतो. पण काहींनी फोटो साध्या फाइली म्हणून ‘व्हिडिओ टीएस’च्या बाहेर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. जुन्या प्लेअरवर ते कधी दिसलेच नसतील. चित्राची नक्कल करणारा प्रोग्राम तिकडे बघतही नाही. म्हणून संगणकावर डीव्हीडी उघडली की आधी बाहेरचे सगळे फोल्डर पाहावेत. कधी कधी अशा जागी मुळातले मोठे, स्वच्छ फोटो मिळतात.

आता चित्राच्या प्रतीकडे वळू. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० आडवे आणि ५७६ उभे इतक्या ठिपक्यांचे असते. एका सेकंदाला २५ चित्रे. पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत घेतलेले असते, एका वेळी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या डबा टीव्हीला हेच मानवत असे. आजच्या सपाट टीव्हीवर किंवा मोबाइलवर नक्कल तशीच दाखवली, तर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. नवरदेव उभा असेपर्यंत ठीक, वाजंत्री लागून पोरे नाचू लागली की सगळे फाटल्यासारखे. यावर उपाय म्हणजे नक्कल करताना ‘डीइंटरलेस’ ही सोय चालू करणे. पुष्कळ टीव्ही आणि व्हीएलसी हा प्रोग्राम चित्र दाखवतानाही हे काम करतात. म्हणून मूळ फोल्डरची नक्कल घेताना काही करू नये, मोबाइलची फाइल बनवतानाच करावे.

तोंडे लांबट किंवा पसरट दिसणे हा दोष डीव्हीडीचा नसतो. त्या ७२० बाय ५७६ मध्येच चौकोनी आणि रुंद अशी दोन्ही प्रकारची चित्रे साठवली जातात, आणि कोणते ताणून दाखवायचे याची खूण सोबत लिहिलेली असते. नकलेत खूण हरवली की बारीक नवरी जाड होते. अशा वेळी टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलून पाहावा. ४:३ केल्यावर किंवा १६:९ केल्यावर माणसे माणसांसारखी दिसली, तर शूटिंग शाबूत आहे, फक्त खूण दुरुस्त करायची आहे.

भुरकेपणाचे कारण मात्र बहुतेक वेळा हाव हेच असते. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी जागा. दोन तासांचे शूटिंग त्यात बऱ्यापैकी मावते. काही शूटिंगवाल्यांनी त्याच जागेत तीन-चार तास कोंबले. तिथे चौकोनी ठिगळे मुळातच असतात, आणि कोणतीही नक्कल ती बरी करीत नाही. ‘एचडी करून देतो’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत. ५७६ ओळींचे चित्र १०८० ओळींवर पसरले म्हणून नवा तपशील येत नाही, फाइल तेवढी फुगते. याउलट मूळ चांगले असूनही दोन डीव्हीडी एका डीव्हीडीत बसवण्यासाठी, किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठवण्यासाठी दाबले, तर नुकसान आपण करून घेतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवले की ते आपोआप दाबले जाते. पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, मग फाइल आहे तशी जाते. हँडब्रेकमध्ये गुणवत्तेचा आकडा डीव्हीडीसाठी १८ ते २० च्या आसपास ठेवावा. इथे आकडा कमी म्हणजे प्रत जास्त, हे ध्यानात असावे.

बियाण्याच्या भाषेत सांगायचे तर सोयाबीन स्वपरागसिंचित, म्हणून घरचे बियाणे धरले तरी वाण तोच राहतो. अख्ख्या फोल्डरची न दाबलेली नक्कल तशी असते, एकीची दुसरी, दुसरीची तिसरी केली तरी चित्र तेच. दाबून केलेली फाइल म्हणजे संकरित कपाशी. तिच्यापासून पुन्हा बी धरायला गेलात, म्हणजे दाबलेले पुन्हा दाबलेत, की पहिला गुण राहत नाही. म्हणून आधी जशीच्या तशी नक्कल घ्यावी आणि ती पायाभूत बियाण्यासारखी बाजूला ठेवावी. मोबाइलसाठी लहान फाइल हवी तर तिच्यावरून करावी, आणि दुसरी हवी असेल तर पुन्हा तिच्यावरूनच.

जशीच्या तशी नक्कल घेताना दोन ठिकाणी गाडी अडते. पहिली जागा पेनड्राइव्ह. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये जागा रिकामी असूनही संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहतच नाही. अख्ख्या डीव्हीडीची एकच आयएसओ फाइल केली तर ती चारच्या वर जाते. फोल्डर तसाच नेला तर एक-एक जीबीचे तुकडे असल्याने अडचण येत नाही. नाहीतर पेनड्राइव्ह रिकामा करून तो एक्सफॅट पद्धतीने आखून घ्यावा. मात्र जुने टीव्ही एक्सफॅट वाचतीलच असे नाही.

दुसरी जागा खुद्द चकती. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, त्यावर लेसरने खुणा उमटवलेल्या असतात. ऊन आणि उष्णता यांनी तो थर हळूहळू उडतो. मे महिन्यात आपल्याकडे टिनाच्या छपराखाली काय तापते ते मी सांगायला नको. नक्कल ऐंशी टक्क्यांवर येऊन थांबली, चित्र गोठले, तर आधी चकती मऊ सुती फडक्याने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसावी. ताट घासतो तशी गोल गोल पुसू नये. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा वाचतो, हा अनुभव नेहमीचा. तरीही न जमल्यास डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. तो खराब जागा सोडून आधी चांगली जागा उचलतो आणि राहिलेल्या जागांवर नंतर पुन्हा पुन्हा येतो. अर्धा मिनिट गेला तरी तीन तास वाचतात.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो. धान्याच्या कोठीत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात, त्यांचा वायू माणसाला घातक असतोच, शिवाय तो तांब्या-चांदीलाही खातो. पेनड्राइव्ह, हार्डडिस्क आणि या चकत्या कोठीच्या खोलीत ठेवू नयेत. राहत्या घरात त्या गोळ्या वापरूच नयेत, हे तर आम्ही नेहमीच सांगतो.

नक्कल झाली म्हणजे मूळ चकती फेकायची नाही, आणि दोन नकला एका कपाटात ठेवायच्या नाहीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तिथल्यासारखी जाणती माणसे असूनही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मी जळाल्या. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज अपुराच उरला आहे. आपल्या घराला संग्रहालय नाही, पण एक नक्कल लेकीच्या सासरी ठेवता येते.

बाजारातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीची गोष्ट निराळी. त्यांवर नक्कल रोखणारे कुलूप असते आणि तिथे स्वामित्वहक्काचा कायदा येतो. इथे लिहिले ते घरच्या शूटिंगपुरते.

दुकानातून नक्कल हातात घेताना तिथेच तपासावी. पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात ठेवून उगवण पाहतो, तसेच हेही. व्हीएलसीमध्ये नकलेचा ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर उघडावा. यादीचा पडदा यायला हवा, प्रत्येक बटण दाबून पाहावे. मूळ आणि नक्कल दोन्ही फोल्डरांचा आकार सारखा दिसायला हवा. शेवटची पाच मिनिटे जरूर लावावीत, कारण चकतीची बाहेरची कड आधी हाताळली जाते आणि भरलेल्या चकतीत पाठवणी तिथेच असते. मोबाइलच्या फाइलीत आवाज येतो का तेही ऐकावे, काही मोबाइलना डीव्हीडीच्या आवाजाची जात चालत नाही. घरी आल्यावर एकदा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून पूर्ण शूटिंग लावावे आणि पंगतीत कोण कोण बसले आहे ते वहीत लिहून घ्यावे.