आजारी मित्राचा डबा: काय शिजवायचं, कसं न्यायचं आणि दारात काय बघायचं

आजचा भाग थोडा स्वयंपाकघरातला आहे, थोडा दवाखान्यातला. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना जे 'अं... म्हणजे...' झालं ते काढलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राला डेंग्यू झाला. मूळचा कुडाळचा, पुण्यात कर्वेनगरला पीजीमध्ये राहतो. पीजीत गॅस नाही, फ्रीज नाही, फक्त एक इलेक्ट्रिक किटली. मेसचा डबा येतो, पण १०२ ताप असताना मेसची तर्रीवाली उसळ कोण खाणार? मी धायरीला राहतो, माझ्याकडे गॅस आहे, कुकर आहे. म्हटलं, भावा, डबा मी आणतो. आणि मग मी जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची केली.

पहिल्या दिवशी मसालेभात नेला. का, तर मला तोच चांगला जमतो. वर तूप, खोबरं, कोथिंबीर, सोबत तळलेले पापड. त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "ठेव रे, खातो नंतर." मीही ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर डबा तसाच टेबलावर आणि हा म्हणतोय, "आता भूक लागल्यासारखी वाटतेय, किटलीच्या पाण्याने जरा गरम करून खातो."

इथे जरा थांबतो, कारण हे मला स्वतःला माहीत नव्हतं. भात शिजला म्हणजे त्यातले सगळे जंतू मेले, असं आपण धरून चालतो. पण बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू तांदळात असतो आणि त्याचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून 'नीट उकळून घे' हा उपाय शिळ्या भाताला चालत नाही. ढोबळ नियम असा की अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम हवं, नाहीतर फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. धडधाकट माणूस असेल तर चार उलट्या होऊन मोकळा होईल. पण डेंग्यूत सतत उलट्या होणं ही धोक्याची खूण मानतात. म्हणजे माझ्या भाताने उलट्या झाल्या असत्या, तर त्या कशामुळे झाल्या हेच कळलं नसतं. मी तो डबा त्याच्या हातातून अक्षरशः काढून घेतला.

त्याच रात्री काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, फोन केला. वडिलांचं ऑपरेशन नुकतंच झाल्यामुळे त्यांना कुडाळहून निघता येत नव्हतं. मी विचारलं, "काकू, मऊ खिचडी चालेल का त्याला?" त्या म्हणाल्या, "चालेल रे बाळा, पण तो आजारी पडला की पेजेशिवाय काही खात नाही. उकड्या तांदळाची दे. सोबत लिंबाच्या जुन्या लोणच्याचा एवढासा तुकडा." मी पुण्यात वाढलेलो, आमच्याकडे आजारपण म्हणजे मऊ भात, मेतकूट आणि तूप. पेज मी तळकोकणात एकदा पाहुणा म्हणून प्यायलो होतो, तेवढंच.

तर मंडळी, ही पहिली गोष्ट. "काय आणू?" असं आजारी माणसाला विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "काही नको." त्याऐवजी विचारा, "आज काय पोटात राहिलं?" किंवा दोनच पर्याय द्या, "पेज आणू की मऊ भात?" आणि लहानपणी आजारी असताना काय खायचास, हे विचारा. तोंडाची चव गेलेली असते तेव्हा माणूस ओळखीच्याच चवीकडे जातो. अजून एक, डॉक्टरांनी काही वर्ज्य केलंय का तेही विचारायचं. आपण सरसकट शहाळं घेऊन जातो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनीचा आजार असलेल्याला ते त्रासाचं ठरू शकतं.

आता पेज. कोकणातला माल मिळतो त्या दुकानातून उकडा तांदूळ आणला. हा तांदूळ भातासकट, म्हणजे टरफलासकट आधीच उकडून मग सडलेला असतो, त्यामुळे दाणा जाड आणि शिजायला चिवट. अर्धी वाटी तांदूळ धुऊन रात्रभर भिजवला. सकाळी पाच-सहा वाट्या पाण्यात, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर ठेवला. पाऊण ते एक तास लागतो. अधूनमधून ढवळायचं, पाणी आटलं तर गरम पाणीच घालायचं. शितं फुटून पाणी दाटसर झालं की मीठ घालून बंद. पाणी गाळून टाकायचं नाही, तेच तर प्यायचं असतं. पहिल्यांदा मी ती खिरीसारखी घट्ट केली. डब्यात गार होता होता तिचा गोळा झाला, चमचा उभा राहील असा! म्हणून घरातून निघताना ती तुम्हाला जरा जास्तच पातळ वाटली पाहिजे.

उकडा तांदूळ मिळाला नाही तर मऊ खिचडी करा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सात-आठ वाट्या पाणी, हिंग, हळद, मीठ, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. फोडणी नको. तूप वेगळ्या छोट्या डबीत द्या, मळमळत असेल तर तुपाचा वाससुद्धा नकोसा होतो.

नेण्याबद्दल थोडक्यात. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, त्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओता आणि मग लगेच वाफाळती पेज भरा. पावसात धायरी ते कर्वेनगर मला पाऊण तास लागायचा, तरी पेज चांगली गरम राहायची. एका वेळी एक वाटीभरच न्या. मोठा डबा बघून आजारी माणसाला दडपण येतं. आणि डबा असा द्या की परत नाही मिळाला तरी चालेल. आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नाही अशी रीत आहे ना, तापलेल्या माणसाने त्यात आता काय घालायचं?

पुढचे दोन दिवस छान गेले. पेज, लोणचं, ओआरएस, डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल. कोणीतरी पपईच्या पानांचा रस आणून दिला होता, कोणी किवी. रूममेटने अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनची गोळी पुढे केली होती, ती मात्र डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितली होती. डेंग्यूत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पाचव्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला: 'ताप उतरला. उद्या नको येऊस, पाऊस आहे.'

खरं सांगतो, मी जाणार नव्हतो. ॲपवरून इडली पाठवून द्यावी असं डोक्यात होतं. पण रात्रीच तांदूळ भिजवून ठेवला होता, वाया जाईल म्हणून गेलो. फक्त तेवढ्यासाठी.

दार उघडायलाच त्याला वेळ लागला. ओठ सुकलेले, हात गार. रात्रीपासून तीन उलट्या, पोटात दुखतंय, आणि म्हणतो काय, "ॲसिडिटी आहे रे, ताप तर गेला." मी विचारलं, "लघवीला कधी गेला होतास?" तर त्याला आठवेना. बहुतेक काल रात्री नऊच्या आसपास.

हा प्रश्न मला काकूंनी शिकवला होता, त्यांना त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान रक्तवाहिन्यांमधून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं, दाब पडू शकतो. प्लेटलेटच्या आकड्याकडे आपण सगळे डोळे लावून बसतो, पण पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, ही लक्षणं दिसली तर आकडा काहीही असो, लगेच हॉस्पिटल. आणि सहा तासांत एकदाही लघवी झाली नसेल तर शरीरात पाणी कमी पडतंय असं समजायचं.

रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागली. तिथल्या डॉक्टरांनी आल्या आल्या तेच विचारलं, काय प्यायलास, किती प्यायलास, लघवी कधी झाली. ॲडमिट करून घेतलं, सलाईन सुरू झालं. काकूंशी व्हिडीओ कॉलवर हा खालच्या आवाजात "बरो आसय गे आये" म्हणत होता आणि त्या नुसत्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

त्या दिवशीची पेज थर्मासमध्येच राहिली. दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मीच प्यायलो, सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं.

तेव्हापासून मी एक करतो. डबा दारात देऊन लगेच पळत नाही, आणि तासभर गप्पा मारत बसतही नाही. दहा मिनिटं बसतो. कालचा डबा उघडून बघतो, किती संपलाय. पाण्याची बाटली बघतो. वापरलेली वाटी-चमचा विसळून ठेवतो, कचरा खाली नेतो. 'बरा आहेस का' हे विचारतोच, पण उत्तर त्या डब्यात आणि बाटलीत जास्त खरं मिळतं.

माझे दोन डबे त्याने परत केले, काकूंनी पाठवलेली आमसुलं भरून. तिसरा अजून त्याच्याकडेच आहे. परवा मागितला तर म्हणाला, त्यात चार्जरच्या वायरी ठेवल्यात.