संडासाची लाइन फुटली तर...

जुन्नर आणि घोडेगावच्या जुन्या आळ्यांत काय किंवा मळ्यातल्या घरांत काय, घरामागची लाइन बहुधा चेंबरमार्गे सेप्टिक टाकीला किंवा शोषखड्ड्याला मिळते. संडास सारखा तुंबत असेल, अंगणातला एकच पट्टा ऐन उन्हाळ्यातही ओला राहत असेल, तर जमिनीखाली सांधा निखळल्याची शंका घ्यावी.

काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या ओढाताणीत जुन्या चिनीमातीच्या पाइपांचे सिमेंटचे सांधे आधी सुटतात आणि झाडाची मुळे तिथूनच आत शिरतात. एखादाच सांधा गेला असेल तर तेवढा तुकडा बदलून भागते. लाइन दोन-तीन ठिकाणी बसली असेल तर मात्र ठिगळे लावण्यात पैसे घालवू नयेत, सगळीच बदलावी.

नवा पाइप 4 इंची, जमिनीखाली घालायचा विटकरी रंगाचा पीव्हीसी घ्यावा. उतार 40 फुटांना 1 फूट, म्हणजे 20 फुटांच्या लाइनीला 6 इंच. तो गवंड्याच्या नजरेवर सोडू नका, लेव्हल ट्यूबने मोजून घ्या. काळ्या मातीवर थेट पाइप न टेकवता खाली वाळू किंवा बारीक मुरूम अंथरा. वळणावर चेंबर हवाच. चर बुजवण्याआधी लाइन पाण्याने भरून गळती तपासा.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा.

टाकीत माणूस उतरवू नका. आतला वायू क्षणात जीव घेतो, आणि सुरक्षासाधनांशिवाय कोणाला उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसणारी गाडी बोलवा.