हार्ड डिस्क काढावी कशी?



आपल्या शाळेच्या कपाटात कंपासपेटीएवढी एक काळी डबी आहे. तिला हार्ड डिस्क म्हणतात. गेल्या श्रावणात सातवीच्या मुलामुलींनी आपापल्या आजींकडून अहिराणीतली कानबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या फोनमध्ये भरून आणल्या. त्या सगळ्या या डबीत आहेत. त्यांतल्या दोन आजी आज हयात नाहीत. त्यांचा आवाज तेवढा उरला आहे. म्हणून ही डबी संगणकाला लावावी कशी यापेक्षा काढावी कशी, ते आज सांगतो. लावायला कोणालाही येते. नुकसान होते ते काढताना.

परवा एकाने मला विचारले, "गुरुजी, मी तर सरळ वायर उपटतो. काय होतं त्याला?" प्रश्न रास्त आहे. पुष्कळदा खरोखरच काही होत नाही. पण एखादे वेळी होते. ते का, हे समजून घेऊ या.

अमळनेरच्या मार्केट यार्डात तुम्ही वडिलांबरोबर गेला असाल. दादरची पोती काट्यावर चढतात, दिवाणजी भराभर आकडे कच्च्या चिठ्ठीवर टिपतो. गर्दी ओसरली की तेच आकडे पक्क्या वहीत उतरवतो. संगणकही तसेच करतो. आपण त्याला गाणे डिस्कवर ठेवायला सांगितले, की तो ते आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मरणात घेतो. ही झाली कच्ची चिठ्ठी. मग सवडीने डिस्कवर लिहितो. ही पक्की वही. पडद्यावर 'झाले' असे दिसले तरी थोडे लिहिणे मागे उरलेले असू शकते. तेवढ्यात वायर ओढली, तर वही गेली आणि चिठ्ठीवरचे तसेच राहिले!

स्मरणातले आणि लिहिलेले यांत केवढा फरक असतो, हे आपल्या खानदेशाला चांगले ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या ओठांवर होती. मुलगा कवी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. जेवढी लिहून झाली होती, तेवढी आपल्याला मिळाली.

दुसरी गोष्ट. प्रत्येक डिस्कवर पुस्तकासारखी एक अनुक्रमणिका असते. कोणते गाणे कोठे ठेवले आहे, ते तिच्यात लिहिलेले असते. ही अनुक्रमणिका लिहिली जात असतानाच वायर निघाली, तर नवे गाणे तर जातेच, पण कधी कधी जुनीही सापडेनाशी होतात.

तिसरी गोष्ट डबीच्या पोटातली. आत गुळगुळीत चकत्या असतात. पुष्कळ लहान डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा गरगर फिरतात. वाचणारे-लिहिणारे टोक चकतीला टेकत नाही, तिच्यावर तरंगते. मधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी! अशा वेळी हिसका बसला, तर टोक चकतीवर घासून ओरखडा पडू शकतो. वीज एकाएकी तुटली, तर चकतीच्या उरलेल्या फिरण्यातूनच थोडी वीज मिळवून टोक बाजूला नेण्याची सोय हल्लीच्या डिस्कमध्ये असते. पण ती आणीबाणीची सोय झाली. रोज तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आता काढण्याची रीत. ती क्रमानेच करावी.

१) डिस्कवरचे जे जे उघडले असेल, ते बंद करावे. कॉपी चालू असेल तर पुरी होऊ द्यावी.

२) पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, लहानसा बाण असतो. तो दाबला की वायरच्या पिनेचे चित्र दिसते. त्यावर क्लिक करावे.

३) आपल्या डिस्कचे नाव पाहून 'इजेक्ट' निवडावे. उबंटू असलेल्या संगणकावर डिस्कच्या नावापुढच्या छोट्या त्रिकोणावर क्लिक करावे.

४) 'आता काढायला हरकत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येईपर्यंत थांबावे. मग मनात दहा आकडे मोजावेत. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी अमळनेर स्टेशनात शिरली, तरी ती पुरती थांबल्यावाचून आपण उतरतो का? चकतीलाही थांबू द्यावे.

५) वायर न ओढता पिनेला धरून सरळ काढावे.

कधी संगणक म्हणतो, 'डिस्क अजून वापरात आहे.' मग चिडू नये. काय उघडे राहिले ते शोधावे. सापडले नाही तर संगणक रीतसर 'शट डाऊन' करावा आणि तो पुरता बंद झाल्यावर डिस्क काढावी. नुसता पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद झाला, असे समजू नये.

कोणी म्हणेल, नव्या संगणकाला हे लागत नाही. त्यात तथ्य आहे. २०१८ च्या अखेरीस विंडोज-१० ची जी आवृत्ती आली, तेव्हापासून बाहेरच्या डिस्कवर फारसे न साठवता लगेच लिहायची पद्धत ठेवली आहे. पण चालू कॉपी त्यानेही वाचत नाही. आणि आपण डिस्क कोठल्या संगणकाला लावू, त्याचा काय नेम? रीत एकच ठेवलेली बरी.

वीज जाणे हेही वायर उपटण्यासारखेच. आभाळ भरून आले असेल किंवा लाइट सारखी ये-जा करत असेल, तर मोठी कॉपी करायला बसू नये.

एवढे करूनही डिस्क बिघडली, आणि संगणक 'फॉरमॅट करू का?' असे विचारू लागला, तर 'हो' कदापि म्हणू नका. तिच्यावर नवीन काही लिहूही नका. डिस्क काढून माझ्याकडे आणा. आतले पुष्कळदा परत मिळवता येते.

सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर आपण काढणार आहोत. ती दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात राहील. काढायचे काम सातवीतली मुलेच करतील, मी नुसता शेजारी उभा राहीन. ज्यांच्या आजीची गाणी भरायची राहिली आहेत, त्यांनी ती शुक्रवारपर्यंत भरून आणावीत. आजीला सांगा, गुरुजींनी मुद्दाम विचारले आहे.

— वर्गशिक्षक, इयत्ता सातवी