सामान गाडीत चढण्यापूर्वी



बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या याद्या झळकल्या, की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आमच्या कुरुळीसारख्या गावांत नवी बिऱ्हाडे दिसू लागतात. चाकणच्या कारखानदारीमुळे इकडे भाड्याच्या खोल्या पुष्कळ झाल्या. आळंदी, मोशी, आकुर्डीच्या महाविद्यालयांत शिकणारी नांदेड-लातूरकडची मुलेही त्यांत राहतात. विद्यार्थ्याचे बिऱ्हाड ते केवढे! खाट, गादी, पुस्तकांची दोन खोकी, शेगडी आणि असलीच तर मोटरसायकल. एवढ्याशा सामानावर कोणी डोळा ठेवील, असे घरच्यांच्या मनातही येत नाही. परंतु सामान थोडे, मालक पोरसवदा, गाव परके आणि वर्ग परवा सुरू व्हायचा, हीच फसवणाराची खरी सोय असते.

त्याची रीत कशी असते ती पाहा. समजा, लातूरच्या एका मुलाने फोनवर शोध करून ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणवणाऱ्या कोणाचा तरी नंबर काढला. नाव एखाद्या नामांकित कंपनीसारखे, पण पत्ता कुठेच नाही. इतरांनी आठ हजार सांगितले तिथे हा चार हजारांत तयार. हजार रुपये इसार मोबाइलवरून लगेच पाठवायचा. सामान टेम्पोत चढते, टेम्पो निघून जातो. संध्याकाळी फोन येतो : “माल जास्त निघाला, हमाली वेगळी, टोल वेगळा. नऊ हजार भरा, तरच सामान उतरेल.” आता मुलाने काय करावे? सामान त्यांच्या ताब्यात, हाती कागद नाही. तो घरी फोन करतो आणि वडील उसनवारी करून पैसे धाडतात.

यातले मर्म नीट ध्यानात घ्या. सामान आपल्या दारात आहे तोवर जोर आपला. ते गाडीत चढले की जोर गाडीवाल्याचा. म्हणून जे काही विचारायचे, ठरवायचे, लिहून घ्यायचे, ते सामान चढण्यापूर्वी. मागाहून केलेली घासाघीस ही घासाघीस नव्हे, ती विनवणी असते.

आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. चाकणच्या बाजारात कांदा विकला की हिशेबपट्टी हाती येते. तीत वजन, दर, हमाली, तोलाई असे सारे वेगवेगळे मांडलेले असते. पट्टी न पाहता शहाणा शेतकरी बाजारातून हलत नाही. मग मुलाचे बिऱ्हाड हलवतानाच आपण तोंडी बोलण्यावर का विसंबावे?

तेव्हा भाडे ठरवताना एका कागदावर एवढे लिहून घ्या : सामानाची यादी, कोठून कोठे, कोणत्या तारखेला, गाडीचा नंबर, भाडे, हमाली आणि टोल धरून एकूण रक्कम, त्यांतले आज किती आणि सामान उतरल्यावर किती. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेताना अंदाजी भाडे ठरले असेल, तर अंदाजाच्या ११० टक्के रक्कम दिल्यावर सामान उतरवून द्यावेच लागते. वरची बाकी असेल तर तिची मागणी मागाहून करायची, असा नियम आहे. तसली अट आपणही आपल्या कागदात घालावी : “ठरल्यापेक्षा जास्त रकमेसाठी सामान अडवणार नाही.” ही ओळ लिहायला जो कां-कूं करतो, त्याला तिथेच नमस्कार करावा.

आपल्याकडेही कायदा आहे. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी २००७ चा रस्ता-मालवाहतूक कायदा आला आणि तो २०११ पासून अमलात आहे. सर्वांसाठी भाड्याने माल नेण्याचा धंदा करणाऱ्याला त्यानुसार नोंदणी करावी लागते आणि मालाची पावती, म्हणजे आपली बिल्टी, द्यावी लागते. नोंदणीचा दाखला बेलाशक मागा. जीएसटी क्रमांक दिला, तर तो कोणाच्या नावावर आहे हे सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात, हे तर लहान मूलही ओळखील.

कागदपत्रांचे एक सांगतो. गुणपत्रिका, जातीचा दाखला, लॅपटॉप आणि दागिना टेम्पोत घालू नका. ते आपल्या पिशवीत. सामानाचे फोटो काढा. मोटरसायकल पाठवत असाल, तर मीटरवरचे किलोमीटरही फोटोत येऊ द्या, म्हणजे वाटेत ती कोणी फिरवली तर कळेल. मोटरसायकल रेल्वेच्या पार्सलनेही जाते; मात्र टाकीतले पेट्रोल काढावे लागते.

आणि पैसे परत देतो म्हणून कोणी चौकोनी कोड पाठवला, तर सावध! पैसे घेण्यासाठी कधीही पिन घालावा लागत नाही. पिन मागितला, की पैसे आपल्या खात्यातून जाणार हे नक्की समजा.

एवढे करूनही सामान अडवले तर घाबरून पैसे भरू नका. ११२ वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. वाहतूकदारानेच सोपवलेल्या मालाचा अपहार केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाइलवरून पैसे लुबाडले गेले असतील, तर त्याच घटकेला १९३० वर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. सामान फुटले वा हरवले, तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा लावता येत नाही. ग्राहक-तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही. लातूरच्या बापाला त्यासाठी पुण्याला खेटे घालायला नकोत.

सारेच टेम्पोवाले वाईट, असे मात्र मुळीच नाही. गावातला ओळखीचा ‘छोटा हत्ती’वाला किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गाळा थाटून बसलेला माणूस कागदाला भीत नाही. हिशेब चोख असला की त्याचेही भांडण वाचते.

शिक्षकबंधू-भगिनींना एवढीच विनंती. बारावीच्या वर्गात अर्ज-पत्रे लिहायला आपण शिकवताच. त्यांतच एकदा सामानाच्या भाड्याचा करारही लिहून घ्या. दहा ओळींचा तो मजकूर आहे. ज्या मुलाच्या हाताला तो एकदा वळला, तो परक्या गावात सामान चढवण्याआधी कागद पुढे करील.