जीपच्या बैठकीतील जयणा

पादत्राणे, कमरपट्टा किंवा पाकीट घेताना ते चामड्याचे तर नाही ना, अशी चौकशी आपल्या घरांत आवर्जून होते. ज्या वाहनात आपण तासन् तास बसतो, त्याच्या बैठकीविषयी मात्र ती क्वचितच केली जाते. नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा येथील व्यापारी कुटुंबांना आमचूर आणि भगरीच्या निमित्ताने धडगाव, मोलगीच्या बाजारांशी संबंध ठेवावा लागतो. सातपुड्याच्या या घाटरस्त्यांना जीपच सोयीची. तिचा लोखंडी सांगाडा दीर्घायुषी असतो. बैठका मात्र लवकर जीर्ण होतात. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, रेक्झिन तडकते आणि पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी आतल्या फोममध्ये मुरते.

अशा वेळी संपूर्ण बैठक टाकून नवी घेण्याऐवजी तिचे आच्छादन घरीच बदलता येते. त्यात काटकसर आहे, अपरिग्रह आहे आणि आपण कशावर बसतो हे स्वतः ठरविण्याचे स्वातंत्र्यही आहे.

वस्तूची पारख

रेक्झिन हे मूळ एका इंग्रज कंपनीचे व्यापारी नाव. आज ते प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडाचे सामान्यनाम झाले आहे. रेक्झिन निर्धोक आहे. फसगत होते ती ‘बाँडेड लेदर’ या नावाने. हे कृत्रिम वाटले तरी त्यात खऱ्या चामड्याच्या कातरणांचा चुरा असतो. पाठीमागे कापड असल्याने ते नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून दुकानदाराच्या तोंडी हमीवर न विसंबता मालाचे नेमके नाव बिलावर लिहून घ्यावे. मागच्या बाकाखाली लाकडी फळी असेल, तर ती जोडताना सरस टाळावा. तो प्राण्यांची हाडे व कातडी उकळून तयार करतात. त्याऐवजी कृत्रिम चिकटद्रव्य मागावे. आतील भरणासाठी फोम किंवा रबर लावलेला काथ्या दोन्ही चालतात.

उघडण्यापूर्वी

जुन्या बैठकीच्या पोकळीत मुंग्या, कोळी, क्वचित उंदराची पिले आसरा घेतात. त्यामुळे हे काम चातुर्मासात काढू नये. कार्तिकी पौर्णिमेनंतरचे कोरडे दिवस उत्तम. बोल्ट सोडवून बैठक अंगणात सावलीत काही वेळ ठेवावी, म्हणजे जीव आपण होऊन निघून जातात. उरलेले मऊ पूंजणीने किंवा कापडाने हलकेच बाजूला सारावेत. कीटकनाशक फवारण्याची घाई करू नये. जयणा म्हणतात ती हीच.

प्रत्यक्ष काम

बैठक उलटी करून कडेच्या तारेच्या रिंगा पकडीने उघडाव्यात. जुने आच्छादन फाडू नये. शिवण उसवून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालावा, कारण तोच आपला नमुना. तुकडे खाकी कागदावर आखून, शिवणीसाठी सर्व बाजूंनी अर्धा इंच सोडून रेक्झिन कापावे. फोम दबला असेल तर बदलावा. रोजच्या वापराच्या बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम चांगला टिकतो. ओला फोम पूर्ण वाळल्याशिवाय झाकू नये.

शिवणासाठी पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्यावा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. घरच्या यंत्राला १८ क्रमांकाची सुई लावून दोन पदर शिवता येतात. टाका चार मिलिमीटरचा ठेवावा. फार जवळ टाके घातल्यास रेक्झिन त्याच रेषेवर फाटते. सुईची छिद्रे बुजत नसल्याने टाचण्यांऐवजी चिमटे वापरावेत. गोटाच्या जागी चार पदर येतात; तेवढे शिवण जाड कामाच्या यंत्रावर करून आणावे. तयार आच्छादन थोडा वेळ उन्हात ठेवले की मऊ पडते. मग ते मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणत नव्या रिंगांनी बसवावे. आपल्याकडील उन्हाचा विचार करता फिकट रंग निवडावा.

दोन सूचना महत्त्वाच्या. ज्या नव्या वाहनांच्या बैठकीतच एअरबॅग असते, तेथे घरी हात घालू नये. चुकीच्या शिवणीमुळे ती ऐनवेळी उघडणार नाही. तसेच उतरविलेले रेक्झिन जाळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

आपल्या व्यापारात मालाची पारख आणि हिशेबाची शुद्धता यांना मान आहे. तीच नजर बैठकीच्या कापडाकडे वळविली, तर धंद्याच्या वाटेवरही अहिंसेचे व्रत पाळता येते. मुलांना सोबत घेऊन हे काम केल्यास पाठशाळेत ऐकलेली जयणा त्यांना हातांनीही कळेल.