घरीं वेल्डिंग शिकतांना

लोखंड लोखंडाला जोडण्याची लोहाराची रीत पुरातन आहे. दोन तुकडे भट्टींत पांढरे होईतों तापवावयाचे आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करावयाचे. विजेच्या आर्कनें हेंच काम करतांना स्लाव्यानोव्ह या रशियन संशोधकानें १८८८ मध्यें धातूचीच कांडी वापरली. कांडी स्वतः वितळून सांधा भरूं लागली. आज असें यंत्र घरच्या विजेवरही चालतें. मात्र कारखान्यांत नवशिक्याजवळ उस्ताद उभा असतो, घरीं तो नसतो. त्याची उणीव कशी भरून काढावी?

प्रथम डोळे जपावे. आर्कच्या प्रकाशांतील अतिनील किरण उघड्या डोळ्यांवर पडले, तरी त्या वेळीं कांहींच जाणवत नाहीं. कांहीं तासांनीं मात्र डोळ्यांत वाळू खुपूं लागते. म्हणून दहा किंवा अकरा क्रमांकाची काळी कांच, चामड्याचे हातमोजे व अंगभर जाड सुती कपडे हवेतच. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा सांधूं नये. त्याच्या धुरानें ताप भरतो. तेलाच्या रिकाम्या पिंपाचा स्फोट होऊं शकतो; त्याच्या वाटेस जाऊं नये.

सरावासाठीं सहा मिलिमीटर जाडीची साधी लोखंडी पट्टी, ३.१५ मिलिमीटरची कांडी आणि सुमारें ११० अँपिअर प्रवाह पुरे. गंज व रंग खरवडून, आगकाडी ओढावी तशी कांडी पट्टीवर ओढावी आणि आर्क लागतांच तिच्या जाडीइतकेंच अंतर राखावें. कांडीवरील लेपाचा धूर हवेला दूर ठेवतो. त्याची मळी तप्त धातूवर झांकण घालते.

सांधा थंड झाल्यावर मळी काढली म्हणजे तो सुबक दिसेल; परंतु त्या रूपावर विसंबूं नये. एक पट्टी दुसरीवर उभी करून एकाच बाजूनें सांधावी आणि सांध्याकडे वाकेल अशी हातोड्यानें ठोकावी. सांधा उखडून खालीं पट्टीचा मूळचा गुळगुळीत पृष्ठभाग दिसला, तर धातु नुसती वर बसली, आंत भिनली नाहीं, असें समजावें. प्रवाह कमी पडला किंवा हात घाईनें चालला, हींच त्याचीं नेहमींचीं कारणें.

हा हातोडाच घरच्या विद्यार्थ्याचा उस्ताद होय. झोपाळ्याच्या कडीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर माणसाचा जीव विसंबलेला असतो. तें काम कसबी कारागिराकडेच सोंपवावें. नवशिक्यानें स्वतःचे सांधे मोडून पाहण्याचा कंटाळा करूं नये.