उसातील दाट बेट : कांस की गवताळ वाढ?



खोडव्याची पाहणी करताना ओढ्याकडेच्या फडात बारीक पानांची दाट बेटे आम्हांला दिसतात. विचारले की उत्तर येते, "साहेब, कांस हाय, ओढ्याकडंला असायचंच." काही ठिकाणी ते खरेच कांस असते, काही ठिकाणी मात्र उसाचीच रोगट बेटे, म्हणजे गवताळ वाढ असते. दोन्हींचा बंदोबस्त निराळा, म्हणून ओळख पक्की हवी.

कांस हे आपल्याच मातीतले बहुवर्षायू गवत व उसाचे भाऊबंद. कोईमतूरला उसाशी त्याचा संकर करूनच को २०५ हा वाण निघाला व १९१८ साली प्रसारित झाला. त्यामुळे चेहरामोहरा जुळतो. खुणा अशा:

पान : कांसाचे पान अरुंद, ताठ, हिरवे. मधली शीर जाड, पांढरी. बुडाकडे तर पाते जवळजवळ नसतेच, शीरच उरते. गवताळ वाढीची पाने मऊ आणि फिकट, पिवळट किंवा पांढरी पडलेली.

खोड : कांसाची काडी बारीक पण टणक, पेरे स्पष्ट. रोगट बेटात फुटवे गवतासारखे उदंड, पण गाळपालायक ऊस धरत नाही.

तुरा : पावसाळा सरताना कांसाला रेशमासारखा पांढराशुभ्र तुरा येतो.

जमिनीखाली : ही सर्वांत खात्रीची खूण. कुदळीने खणून पाहा. कांसाच्या पेरेदार काशा आडव्या पसरलेल्या असतात. रोगट बेटाखाली काशा नसतात. लावलेली कांडी किंवा उसाचा बुडखा सापडतो.

कांस असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचाव्यात आणि वाळवून जाळाव्यात. बांधावर टाकू नयेत. एक पेर राहिले तरी पुन्हा फुटते. बी वाऱ्याने उडते, म्हणून बांधावरचे कांस तुऱ्यापूर्वीच कापावे. उसावरील काणी रोग कांसावरही येतो, हेही ध्यानात असू द्यावे.

गवताळ वाढ असेल तर बेट मुळासकट काढून जाळावे. हा रोग मुख्यतः बेण्यातून पसरतो. म्हणून त्या फडातले बेणे स्वतः वापरू नये, पाहुण्यारावळ्यांनाही देऊ नये. नवीन लागणीस निरोगी बेणेमळ्यातील, ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया दिलेल्या बेण्यापासून वाढविलेले बेणे घ्यावे.

शंका वाटली तर बेट तसेच ठेवून गट ऑफिसला कळवावे. आम्ही फडात येऊन पाहू.

— ऊस विकास अधिकारी